तिसऱ्या मजल्यावरची खाट

तळमजला, तातडीचा विभाग
सोमवार, सकाळ

ती. दादास चिमीचा शि. सा. न. वि. वि.

तू वर, मी खाली, तरी पत्र! भेटीच्या वेळेशिवाय वर सोडत नाहीत आणि सूनबाईच्या धाकानं तू फोन बंद ठेवलायस. वॉर्डातल्या मावशी हे पोचवतील.

काल ह्यांना एकाएकी धाप लागली. न्यूमोनिया. अतिदक्षता विभागात हलवायलाच हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण तिथे खाट नाही. तेव्हापासून हे स्ट्रेचरवर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. जाणारा-येणारा पायाला धडकतो, पण ह्यांना खेकसता येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मी बोलतेय आणि हे ऐकताहेत! पण नखं निळसर दिसतात रे. भीती वाटते.

तुला घरी कधी सोडताहेत? लोभ असू दे, उत्तर त्याहून लवकर असू दे.

तुझी चिमी


तिसरा मजला
सोमवार, दुपार

चि. सौ. चिमीस अ. उ. आ.

वाचून जीव खालीवर झाला. काय हा कारभार! कुणीतरी ठणठणीत माणूस खाट अडवून बसला असणार. कोण ते कळव, त्याची खरडपट्टी काढतो.

पित्ताशयाचे टाके केव्हाच सुकले. पण घरी सूनबाईनं उकडलेल्या भाज्यांचं वेळापत्रक भिंतीला लावलंय, आणि इथे शेजारी एक निवृत्त कंडक्टर बुद्धिबळात मला रोज हरवताहेत. असं हरून कसं निघायचं? म्हणून डॉक्टर आले की थोडं कण्हतो. कुणाला बोलू नकोस.

दादा


तळमजला
सोमवार, दुपारीच

ती. दादास,

नमस्कार नंतर. चौकशी केली. अतिदक्षता विभागातले एक गृहस्थ बरे झालेत, पण त्यांना हलवायला वर खाट नाही. तिसऱ्या मजल्यावर म्हणे एक आजोबा आहेत. ताप नाही, जखम कोरडी, पण डॉक्टर दिसले की कण्हतात. एरवी पट मांडून बसतात.

नाव मी विचारलं नाही. ह्यांचा श्वास वाढलाय, दादा. ऊठ.

चिमी


तिसरा मजला, जिन्याजवळ

चि. चिमीस,

पिशवी भरली. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, खाटाच कमी आहेत, तुमच्यासारखे आणखीही आहेत, पण एक सुटली तरी एक माणूस वर येतो. कंडक्टरांनी माझी पिशवी उचलली आणि मला जवळजवळ ढकललंच. मावशी चादर बदलताहेत. मेहुण्यांना म्हणावं, दम धरा. बाहेर बाकावर बसतोय. समोर यायला तोंड नाही.

दादा


अतिदक्षता विभाग
शुक्रवार

ती. दादांस सा. न.

अक्षर वेडंवाकडं आहे, पडूनच लिहितोय. सोमवारी संध्याकाळी मला इथे आणलं. आणखी उशीर झाला असता तर घशात नळी घालावी लागली असती, असं म्हणतात. आज मास्क निघाला. चिमीनं तुमचा सगळा प्रताप सांगितला. हसलो, तर खोकला आला आणि नर्सबाई ओरडल्या.

खाट सोडलीत म्हणून आभार मानू, की इतके दिवस अडवलीत म्हणून भांडू, ते अजून ठरत नाही. भांडायला दम लागतो. तूर्त नुसता श्वास घेतोय. फार मजा येते हो.

रोज येऊन बाहेर बसता म्हणे; त्या बाकावरून घरी जा आता. लोभ आहे, तो राहीलच.

तुमचा मेहुणा