काशीच्या लग्नातली मोटार

सोलापूर, ता. ११ मार्च १९३४

तीर्थस्वरूप अण्णा यांचे सेवेशी,

धाकट्या शिवशरणाचे अनेक शरणार्थ. तुमचे पत्र वैरागच्या सर्व्हिस मोटारीच्या क्लीनरने परवा दुकानावर आणून दिले. इकडे सर्व खुशाल आहे. सिद्धम्माचा खोकला उतरला. शेंगेची आवक आता संपत आली, त्यामुळे अडतीत माशा मारायला वेळ आहे. वैनींच्या गुडघ्याचे तुम्ही काहीच लिहिले नाही.

मोटार घ्यायची तर कोणती घ्यावी, असे विचारता. इतकी वर्षे मी जेवताना मोटारींचा विषय काढला की तुम्ही म्हणायचात, ह्याला लोखंडाचे वेड लागले आहे. आता वेड्याचा सल्ला हवा झाला. असो. या विषयावर कोणी विचारले तर मला गप्प बसवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

फोर्डला नावे ठेवणाऱ्याशी माझे जमत नाही, कारण मी मोटार शिकलो ती फोर्डवर. जुन्या फोर्डला हँडल मारताना अंगठा भलत्या बाजूला राहिला की मनगट गेलेच समजा. टाकीत पेट्रोल कमी असले तर तुळजापूरच्या घाटात ती उलटी चढवावी लागे, आणि मोगलाईतली पोरे बघायला जमत. पण बिघडली तर गावचा लोहारसुद्धा तिला ताळ्यावर आणतो. नवी फोर्ड पुष्कळ शहाणी आहे, गिअरही चारचौघींसारखे आहेत. तिला मी नाही म्हणणार नाही.

ऑस्टिन मात्र घेऊ नका. पेट्रोल चिमणीएवढे पिते हे खरे, आणि शहरातल्या वकिलाला ती शोभतेही. पण तुमच्या वैरागच्या रस्त्याला बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. मोठ्या मोटारीची दोन्ही चाके त्यांत बरोबर बसतात. ऑस्टिन पडली अरुंद, तिचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे वर. तुमचे वजन पाहता ती कोणत्या बाजूला कलंडेल हे सांगायला जोशी नको.

शेवर्लेटबद्दल मी निराळे काय सांगू. गिरणीतले साहेब विलायतेला परत जाताना ही गाडी मी त्यांच्याकडून घेतली, तेव्हापासून तिला दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही. सहा सिलिंडर. उभी असताना इंजिन चालू आहे की बंद, हे बॉनेटवर हात ठेवावा तेव्हा कळते. तुमची काशी आमच्याकडे शाळेला होती तेव्हा रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून स्टेशनापर्यंत यायची आणि वाटेत दिसेल त्या म्हशीला हॉर्न वाजवायची. माझ्या आणि सिद्धम्माच्या घरात लेकरू नांदले ते तेवढेच.

ही झाली पुढच्या सीटवरची मते. मागच्या सीटवर बसून कोणती मोटार बरी वाटते, ते तुम्हीच सांगायला हवे.

खरे तर इथेच पत्र पुरे करणार होतो. दोन दिवस तसे ठरवूनही पाहिले. पण तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळी डोळ्यांपुढून हलत नाहीत. व्याह्यांना जावयासाठी मोटार हवी आहे, आणि तुम्ही लिहिता, ‘नवी नाहीच जमली तर तुझीच दे, त्यांनी ती पाहिलेलीच आहे. लग्नात मात्र तू गाडीपाशीच रहा.’

अण्णा, हे लिहिताना तुमचा हात अडखळला का हो?

मार्गशीर्षात आपण अक्कलकोटला काशीचे जमवायला निघालो, तेव्हा वळसंगपर्यंत तुम्ही माझ्याशेजारी बसला होतात. तिथे ट्यूब फुटली. मी ती बदलेपर्यंत, डोक्याच्या रेशमी रुमालाला धूळ लागेल म्हणून तुम्ही मागे वैनींजवळ जाऊन बसलात. व्याही मल्लिकार्जुनप्पांच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या अंगात खाकी कोट आणि हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी तुम्हाला हात जोडले आणि मला सांगितले, गाडी लिंबाखाली लाव. मला हसूच आले. ज्याची मोटार तो मागे बसतो आणि पगारी माणूस चालवतो, असेच सगळीकडे चालते. त्यांची चूक साहजिक होती. घरी जाऊन काशीला ही गंमत कशी सांगायची, तेसुद्धा मी मनात जुळवले.

मग मी मागच्या हौदावर हात धूत होतो. वर खिडकी होती. मल्लिकार्जुनप्पांनी विचारले, “डायव्हर कुणापैकी हाय? पंगतीला चालंल का?”

आणि तुम्ही म्हणालात, “आपल्यातलाच हाय. पर त्याला मागं पडवीतच वाढा की. लई इमानी हाय.”

मी पडवीत जेवलो. गव्हाची गोड हुग्गी चांगली झाली होती, दोनदा वाढली. आत येऊन चार शब्द बोललो असतो, तर बोलणी व्हायच्या आधीच काशीचा बाप खोटा ठरला असता. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, काशीला जपेल. म्हणून मी घास गिळले. वैनी आतून पाणी घेऊन आल्या, पण माझ्याकडे न बघताच परत गेल्या. परतताना तुम्ही मागेच बसलात आणि वळसंग मागे पडल्यावर म्हणालात, “एका शब्दानं तुझं काय गेलं? पोरीचं जमलं की.”

तेव्हा मी उत्तर दिले नाही. आज देतो. माझा भाऊ गेला. मला राग येईल असे तुम्हाला वाटले असेल. मला लाज वाटली, आणि ती तुमची वाटली. मोटार तुमची आहे असे त्यांना वाटू दिलेत, त्याचे मला काहीच नाही. मागितली असतीत तर मीच तुमची म्हणून सांगितली असती. पण माणूस कोण, हे विचारल्यावर तुम्ही जे बोललात ते कोणी तुमच्याकडून वदवून घेतले नव्हते.

सिद्धम्मा म्हणते, गाडी पेटवून द्या पण त्यांना देऊ नका. मी देणार आहे. जावयाला नव्हे, काशीला. तिच्याइतके त्या गाडीवर दुसऱ्या कोणी प्रेम केलेले नाही.

मात्र ती आहेर म्हणून देईन, आणि आहेर आपल्या रीतीने व्हायला हवा. साधा तांब्या आला तरी तो कोणाकडून आला, नाते काय, हे मांडवात मोठ्याने पुकारतात. नेहमी ते काम लग्न लावणारे स्वामी करतात. या आहेराचा पुकारा तुम्ही करायचा. ‘मुलीचा सख्खा चुलता शिवशरण, याच्याकडून काशीला मोटार,’ एवढेच. मल्लिकार्जुनप्पा समोर बसलेले असतील. मी तुमच्या शेजारी उभा असेन, त्यांनी नीट बघून घ्यावे.

आदल्या दिवशी गाडी आणून मांडवासमोर लावतो. तुम्ही पुकारलेत तर किल्ली तिथेच काशीच्या हातात ठेवीन. तुमच्या तोंडून माझे नाव निघाले नाही, तर पोरीवर अक्षता टाकून, तुमच्या घरचे पाणीही न घेता गाडी काढीन आणि सोलापूर गाठीन. मग व्याह्यांनी विचारले की तुमचा ड्रायव्हर मोटार घेऊन कुठे गेला, तर काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

वैनींना शरणार्थ. काशीला आशीर्वाद, तिला यातले काही कळू देऊ नये. शेवटी ‘लोभ असावा’ असे लिहितात. आहे की नाही ते आता वैशाखात, लग्नाच्या मांडवातच समजेल.

तुमच्या पाठचा,
शिवशरण