वारा पडलाय का?

मंगळवार, १४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आई ठणठणीत आहे, निदान माझ्यावर डाफरण्याइतकी तरी. तू म्हणशील, फोन असताना बाबाला पत्राचं हे खूळ कुठून सुचलं? सांगतो. आधी महोत्सवाची गंमत.

यंदा नदीकाठच्या मैदानात जागा मिळाली. आडव्या काठीला आपल्या काचेच्या घंट्या टांगल्या. कोवळं ऊन काचेतून उतरलं आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर निळे, हिरवे, मधाच्या रंगाचे ठिपके डोलायला लागले. एक चिमुरडी ते ठिपके मुठीत पकडत होती. मूठ उघडून बघायची, रिकामी दिसली की पुन्हा पकडायची. मी तिच्याकडेच बघत बसलो, समोर गिऱ्हाईक ताटकळत होतं. हल्ली मला सगळं असंच दिसतं, पोरी. पाण्याखालून पाहावं तसं. माणसं येतात, हसतात, हात हलवतात, जातात. छान वाटतं.

दुपारी एक बाई घंटी परत घेऊन आल्या. आईने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली, तर तळाशी केसाएवढा तडा. तुला ठाऊक आहे, आपल्याकडची प्रत्येक घंटी टिचकी मारून, ऐकून मगच कागदात गुंडाळली जाते. तू माझ्या मांडीवर बसून कान लावायचीस आणि तडा गेलेली कुठली ते माझ्याआधी सांगायचीस. बाईंना मी दुसरी दिली आणि सगळं खापर भट्टीवर फोडलं. भट्टी बिचारी काय बोलणार!

संध्याकाळी आवराआवर चालली होती. मी पाठमोरा बसून खोक्यात भुसा भरत होतो. सहज म्हटलं, "वारा पडलाय का गं?"

आणि वळून पाहिलं. आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोक्यावर घंट्या झुलत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या, सगळ्याच्या सगळ्या.

आता लपवून काय उपयोग? आधी बारीक घंट्या गेल्या. मग पाखरं. मग तुझा आवाज. तुझा फोन आला की मी भट्टीचं निमित्त करून उठायचो. कानाला लावला तर नुसती शांतता यायची, आणि त्या शांततेत कुठेतरी तू असायचीस. फार भीती वाटायची.

तुला वाटलं, तू नोकरीसाठी घर सोडलंस तेव्हा झालेली खडाजंगी मी मनात धरून बसलोय. "बाबांना बोलायचंच नसेल तर मीही फोन करणार नाही," असं तू म्हणालीस ते आईने कानाशी तोंड आणून सांगितलं. अगं, राग कुठला? आवाजावर पोट भरणारा माणूस मी. बहिरा झालोय हे कुठल्या तोंडाने सांगू? लाज वाटत होती.

आणि तुझ्या आईला हे केव्हाचं ठाऊक होतं! मी आंघोळीला गेलो की ती एकेका घंटीला टिचकी मारून बघायची, बिघडलेल्या गुपचूप काढून टाकायची. ती परत आलेली तेवढी तिच्या कानातून निसटली. "म्हटलं, तुम्ही होऊन सांगाल," म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ तिने कधीच उघडून पाहिली होती.

काल तिने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, यंत्र लावलं की बोलणं बरंचसं परत येईल, घंट्यांची किणकिण मात्र बहुधा नाही. मी म्हटलं, "चालेल." आईला वाटलं, मी नीट वाचलंच नाही. तिने त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, "चालेल."

सोबत मधाच्या रंगाची एक घंटी पाठवतोय. पोचली की टिचकी मार, कान लाव, आणि कशी वाजते ते मला सविस्तर लिही.

आणि रविवारी फोन कर. यंत्र यायला अजून अवकाश आहे, पण उचलेन मीच. तू काय बोललीस ते आई नंतर सांगेल. तू मात्र घाईने ठेवू नकोस. मला थोडा वेळ नुसता कानाला लावून बसू दे.

मुळीच न रागावलेला,
बाबा