भांड्यांची पावडर आणि मावशीची म्हैस

आई, परवा पुन्हा एका बाईंचा फोन आला, आपल्या केजहून. त्यांना आठवत होतं की तू कधी काळी त्यांना भाताच्या पेटीबद्दल सांगितलं होतंस. खोक्यात भुसा भरायचा, अर्धवट शिजलेल्या भाताचं पातेलं त्यात दाबून ठेवायचं, वरून गोधडी टाकायची, आणि भात आपोआप शिजून रॉकेल वाचतं, ती पेटी. भुसा कसला घ्यायचा एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, काकू, आता घरात गॅस आहे. त्या म्हणाल्या, गॅस काय फुकट येतो का. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या वस्तूंच्या चौकशा माझ्याकडे येतातच. माणूस गेलं की लोक त्याच्या आठवणी काढतात. तुझ्या बाबतीत लोक कृती विचारतात. बीडला माझी नोकरी आहे, घर आहे, पोरांचे क्लास आहेत, आणि या सगळ्यात मी तुझी चौकशीची खिडकी सांभाळते आहे. वैताग आला आहे मला. म्हणून लिहिते.

महिलांच्या सहकारी भांडारात तू काउंटरवर बसायचीस. तुझं काम विकण्याचं होतं. तू मात्र समोर आलेल्या बाईला हातातला महाग साबण खाली ठेवायला लावायचीस आणि त्याऐवजी कोपऱ्यातल्या पोत्यातला सुटा सोडा घ्यायला सांगायचीस, वर तो कसा वापरायचा हेही. व्यवस्थापक बाई कपाळाला हात लावायच्या. भांडाराबाहेरही तुझं दुकान चालूच. मी आठवीत आहे, शाळा सुटली आहे, आणि फाटकाशी पोरांना न्यायला आलेल्या आयांच्या घोळक्यात तू मधोमध उभी आहेस. साबणाच्या उरलेल्या चिपट्या जुन्या मोज्यात भरून त्याला गाठ मारली तर आणखी कितीतरी धुणी निघतात, हे सांगताना तू पिशवीतून तो मोजा काढून दाखवतेस. तो माझा मोजा आहे. वर्गातल्या मुली माझ्या पायांकडे बघतात. घरी येताना मी तुझ्याशी बोलत नाही आणि ते तुझ्या लक्षातही येत नाही, कारण वाटेत तुला आणखी एक बाई भेटलेली असते, तिच्या कडेवर लहान मूल असतं, आणि भांडाराच्या शिवणवर्गातले धुऊन वापरायचे तिपदरी लंगोट तिला अजून माहीत नसतात.

त्यात तुला काही मिळत नव्हतं, हे मला कळायला वेळ लागला. आपल्या बाबांनी एकदा विचारलंही होतं, की हा प्रचार तू कशासाठी करतेस. तू म्हणालीस, एखादीचं स्वस्तात भागत असलं आणि मला माहीत असून मी सांगितलं नाही, तर मला अन्न गोड लागत नाही. बाबा पेपर घेऊन ओसरीवर गेले. मी मात्र तेव्हाही चिडले होते आणि आताही चिडते, कारण ज्याला स्वतःला अन्न गोड लागत नाही तो बाकीच्यांना सुखानं जेवू देत नाही.

मग ते टँकरचं वर्ष आलं. दिवाळीनंतरच विहिरी तळाला गेल्या, आणि गल्लीतल्या बायका एकमेकींना भेटल्या की आधी पाण्याचं विचारायच्या, मग बाकीचं. त्याच सुमारास भांडारात भांडी घासायची एक पावडर पोत्यातून सुटी यायला लागली. राखेनं घासलेलं भांडं खंगाळायला पाणी लई लागतं, ही पावडर चिमूटभर पुरते आणि एकाच पाण्यात भांडं निघतं, हे तू घरी करून बघितलंस आणि तुझा चेहरा उजळला. मला तो चेहरा चांगला माहीत होता. पुढचा आठवडाभर तू टँकरच्या रांगेत, फाटकाशी, बालवाडीच्या पायरीवर, जिथे आया दिसतील तिथे ती पावडर कागदाच्या पुड्यांत बांधून वाटत हिंडलीस. पुड्या बांधायला मी होते. गल्लीतल्या एकूण एक घरात चुलीजवळचं राखेचं डबडं बाहेर गेलं. आणि खरं सांगते, पाणी वाचलं. तुझं म्हणणं खोटं नव्हतं. तुझं म्हणणं कधीच खोटं नसायचं, तिथेच तर सगळा घोळ होता.

शेजारच्या मावशीची म्हैस तुला आठवते, तुला कशाला आठवण करून द्यायची. तरी लिहिते, कारण मला हे एकदा सरळ मांडायचं आहे. मावशीचा नवरा टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेला असायचा, आणि तो येईपर्यंत मावशीचं घर त्या एका म्हशीवर चालायचं. सकाळचं दूध सोसायटीत जायचं, उरल्याचं ताक व्हायचं. गल्लीची एक रीतच होती. प्रत्येक घर भांड्यांचं खरकटं पाणी बादलीत साठवायचं, त्यात भाजीची देठं, शिळ्या भाकरीचे तुकडे टाकायचं, आणि संध्याकाळी मावशी घरोघर फिरून ते सगळं म्हशीच्या घमेल्यात ओतायची. बदल्यात सकाळी गल्लीतल्या पोरांना ताक. राख पोटात गेली तर म्हशीला काही होत नव्हतं. दुष्काळात तर ते पाणी म्हणजे मावशीला आधारच, कारण जनावराला पाजायला वेगळं पाणी आणायचं कुठून? आणि आपल्या घरी साधी कोंबडीसुद्धा नव्हती, त्यामुळे बादलीतलं पाणी पुढे कुठे जातं याचा विचार तुझ्या डोक्यात आला नाही. गल्लीतल्या बाकीच्या बायकांच्याही नाही. सगळ्यांची पावडर एकाच म्हशीच्या पोटात चालली होती, आणि ती म्हैस तहानलेली होती म्हणून पीत होती.

म्हशीनं आधी कडबा सोडला, मग रवंथ थांबवलं, मग तिला ढाळ लागली. दूध निम्म्यावर आलं आणि एका सकाळी आलंच नाही. मावशीनं नजर उतरवली, हळदीचं पाणी पाजलं, शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी काय खाते ते विचारलं, मग काय पिते ते विचारलं. मावशीनं तुझीच बादली पुढे केली. डॉक्टरांनी त्यात हात घालून फिरवला आणि वर फेस आला. मी तुझ्या शेजारी उभी होते. तू तो फेस बघितलास आणि पदर तोंडाशी धरलास. डॉक्टर औषध लिहून देऊन गेले, बायका एकेक करून पांगल्या. मावशी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तुझ्याकडे न बघता म्हणाली, “वैनी, तुमी लई हुशार हाय. तुमचं खोटं न्हाई काई. पण आता मला काई सांगत जाऊ नका.”

घरी आल्यावर तू आपल्या वाट्याचं टँकरचं पाणी अर्धं केलंस आणि रोज म्हशीसाठी न्यायला लागलीस. आमच्या आंघोळी ओल्या फडक्यावर आल्या. पुढे धारूरच्या वाटेवर चारा छावणी उघडली, म्हैस तिकडे नेली, आणि दिवसा मावशीला रोजगार हमीच्या कामावर जायचं असल्यानं जनावराजवळ बसायला माणूस हवं होतं. तू भांडारातून अर्धा दिवस रजा घेऊन तिथे जाऊन बसायला लागलीस. चुलीवर मी. दहावीचं वर्ष नव्हतं तरी अभ्यास होताच, पण तुला त्याचं काय. एकदा मी भाकरी घेऊन छावणीत आले तर काय बघावं. दावणीला जनावरं, पुढ्यात उसाचं वाडं, आणि चार गावच्या बायका तुझ्याभोवती गोल करून बसल्या आहेत. तू त्यांना भाताची पेटी समजावते आहेस. मी भाकरीचं फडकं आपटलंच. तू म्हणालीस, “अगं, यांच्यात म्हस कुणाची मरणार हाय पेटीनं?” एवढं होऊनही तुझी खोड गेली नव्हती. मला इतका राग आला की मी परत येताना जीपमध्ये रडले.

म्हैस वाचली. त्या वर्षी आटली ती आटलीच, पण पुढल्या वेताला पुन्हा दुधावर आली आणि आपल्या घरी ताकही पूर्वीसारखं यायला लागलं. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी महिनाभर तुला टोमणे मारले आणि मग पुन्हा येऊन विचारायला लागल्या, कारण स्वस्तातलं कुणाला नको असतं? एक मावशी तेवढी राहिली. तिनं भांडण केलं नाही, अबोला धरला नाही, सणाला पुरणपोळी पाठवली, तू आजारी पडलीस तेव्हा रात्रीचा स्वयंपाक करून दिला. फक्त तू काही सुचवलंस की ती मान हलवायची आणि म्हणायची, “बगू.” नळाला बांधायची गाळणी नेऊन दिलीस, बगू. पोळ्या मऊ राहायचा डबा नेलास, बगू. तिच्या सुनेला मूल झालं तेव्हा तू कौतुकानं तिपदरी लंगोट शिवून घेतलेस, घड्या घालून नेऊन दिलेस. पुढे एकदा आपण तिच्याकडे गेलो तर ते लंगोट गोठ्यातल्या खुंटीवर होते. मावशी त्यांतल्या एकानं म्हशीचे सड पुसत होती.

घरी येऊन तू भाजी चिरता चिरता मला म्हणालीस, सगळ्या गावानं ऐकलं नाही तरी चालेल, हिनं एकदा ऐकलं पाहिजे. मला तुझा राग आला आणि मावशीचाही आला. एका म्हशीवरून किती वर्षं? आणि तूही, जिला नको आहे तिच्याच मागे कशाला लागायचं? पण तू लागलीस. शेवटी बीडच्या दवाखान्यात तू पलंगावर होतीस, मावशी एसटीनं तुला बघायला आली होती, पिशवीत बाजरीच्या लाह्या आणल्या होत्या. तुला धड बसता येत नव्हतं, तरी तू तिचा हात धरून लाह्या दमट होऊ नयेत म्हणून बरणीत काय टाकायचं ते सांगायला लागलीस. मी खिडकीबाहेर बघत राहिले, मला ते ऐकवेना. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, तुझ्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, “बगू, वैनी.” तू डोळे मिटून हसलीस. आठवडाभरात तू गेलीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात मावशीच्या नातीच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून मी केजला गेले. यंदाही पाऊस नाही. दाराशी निळी पिंपं मांडलेली, टँकर कधी येईल यावरच बायकांचं बोलणं. मावशी आता वाकली आहे, कानानं कमी ऐकते, म्हैस तर कधीचीच विकली. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, तशी तिनं मला आतल्या खोलीत बोलावलं. बाळंतिणीच्या खाटेशेजारी विकतच्या लंगोटांचा पुडा होता. मावशीनं त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “हे लई महाग पडतं बघ, आन पोरीला पुरळ येतंय. धुवायचं म्हणलं तर पाणी न्हाई. तुजी माय काय सांगायची गं, ते लंगोटाचं? थोड्या पाण्यात कसे धुवायचे? मी तवा आईकलं न्हाई.”

आई, मला काही आठवेना. तू हजार वेळा सांगितलं असशील, माझ्यासमोर, माझ्या मोज्यांसकट, आणि मी प्रत्येक वेळी तोंड फिरवून उभी होते. पदर तीन का, मधला कसला, पाणी किती, काही म्हणजे काही डोक्यात नाही. मावशी माझ्याकडे तोंड करून, चांगला असलेला कान पुढे करून बसली होती. मग मी माझ्या पोरांच्या वेळी जसं जमलं तसं सांगितलं. जुनी मऊ नऊवारी फाडायची, कोरड्यानंच आधी पुसून काढायचं, मग साबणाचा एकच हात, साबण सगळा निघेस्तोवर खंगाळायचं, कडक उन्हात वाळवायचं, आणि ते पाणी झाडाला घालायचं, जनावराला नाही. ते शेवटचं माझ्या तोंडून निघून गेलं. मावशी म्हणाली, “बरं. तसंच करते. तुज्या मायचं हाय म्हणल्यावर करतेच.” आणि नातीला लगेच ट्रंकेतली नऊवारी काढायला लावली.

हे माझं आहे, आईचं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिनं कात्री मागितली.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण तू उलट टपाली माझ्या कृतीत चार सुधारणा पाठवल्या असत्यास. पण मावशीनं अखेर तुझं ऐकलं, एवढं तुला कळावं असं वाटतं. ऐकलं ते तुझं नव्हतं. आता त्या पोरीचं पुरळ गेलं तर श्रेय तुझं, आणि वाढलं तर मावशीचा फोन मलाच येईल, तेव्हाही मी नाव तुझंच सांगेन.