लार्कस्परची निळी फुलं

प्रिय एमेट,

रेल्वेच्या कामावर जाताना तू बजावलं होतंस, "लार्कस्परची विषारी निळी फुलं गळेपर्यंत गुरं वर डोंगरावर नेऊ नकोस." खालचं गवत संपलं, म्हणून मी नेली. आज दोन गाई मेल्या.

मी त्यांच्यापाशी उभी असताना आपली आयोना हातात तीच फुलं घेऊन आली. "आई, यांच्यात मध असतो. भुंग्यासारखा मीपण चोखला. थोडी चावलीसुद्धा."

तिला घोड्यावर घालून मी शेजारच्या टॉलिव्हरआजींकडे नेलं. त्यांनी तिच्या घशात बोट घालून तिला ओकायला लावलं, आपल्या मुलाला डॉक्टरकडे पिटाळलं आणि त्या माझ्यावर खेकसल्या, "रडतेस काय? तिचा श्वास बघ!"

तेवढ्यात आयोना म्हणाली, "आई, माझे पाय उचलत नाहीयेत." डॉक्टर येईपर्यंत मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते. तिची छाती वर यायला जरा वेळ लागला, की माझाही श्वास अडायचा.

आता ती बरी आहे. संध्याकाळी तिनं पाव मागून खाल्ला. तुला मी फक्त गाई गेल्याचं कळवीन. हे पत्र चुलीत जाईल.

कारण फुलं तोंडात घालण्याआधी तिनं मला लांबून विचारलं होतं, "आई, ही चांगली आहेत का गं?" मी गाईंकडेच बघत म्हणाले होते, "हो गं, चांगली आहेत. जा, खेळ."

हे ती अजून कुणाला बोललेली नाही.

तुझी,
लिओटा