तेलाच्या आवाजाखालची ओळ

रेसिफे, ३ जुलै

प्रिय विभा,

तुझं पत्र काल मेलवर आलं. लीड्समध्ये राहून तुझं मराठी फार आटोपशीर झालंय. क्षेमकुशल, हवामान आणि तीन मागण्या एका परिच्छेदात बसवल्यास. एम.ए.ला हीच बाई एका श्लोकावर सहा पानं लिहायची! मी बरी आहे. पायावर तेल सांडून थोडं भाजलंय, बाकी ठीक. इथल्या जूनमधल्या सणाच्या शेकोटीची राख अजून दारातच आहे.

तर सप्टेंबरपासून आपला माहितीपट पाच शहरांत दाखवणार म्हणतेस. 'इंग्रजांना ब्राझीलचा सिनेमा म्हणजे नाच आणि बंदुका वाटतो, तो गैरसमज मोडायचाय,' हे वाक्य तू अकरा वर्षं न चुकता लिहितेस. नाचाबद्दल तुझं बरोबर आहे.

दुसरं तू विचारलंस, जाहिरातीचा तुकडा मी घाईनं का काढायला लावला आणि सबटायटलची फाइल का अडवून धरली. उत्तर लिहायला दोनदा बसले. दोन्ही वेळा पावसाबद्दल लिहिलं.

मासे तळण्याचा तो प्रसंग आठव. दोना झुल्मीरा कॅमेऱ्याकडे पाठ करून सुईसारखे बारीक मासे तळते आहे, लेक नेइदी शेजारी लिंबं चिरते आहे. माहितीपट झुल्मीराच्या मारल्या गेलेल्या मुलावरचा, पण या प्रसंगात कुणी बोलत नाही, अशी दिग्दर्शकाचीही समजूत होती. पडद्यासमोर बसलं की फक्त तेल ऐकू येतं. सबटायटल करताना मला मात्र ध्वनिपट्टी वेगळी मिळते आणि कानांवर हेडफोन असतात. तेलाच्या आवाजाखाली ती लेकीला म्हणते, "अदाउतोनंच घातल्या गोळ्या. बर्फाच्या कारखान्यातला तो. तू बघितलंस, मी बघितलं. आता तोंड शिवून घे, पोरी."

तीनदा ऐकलं, खात्री केली, इंग्रजीत लिहिलं. टीकाकारानं मुळात नसलेलं काही घुसडू नये, असं एम.ए.ला आपल्या बाई बजावायच्या. हे तर मुळातच होतं! तू कळवलंस, 'अरू, तुझ्या कानांना दंडवत,' आणि नेमका तोच तुकडा इंटरनेटवर टाकलास.

तो फिरत फिरत इकडे आला. फोनवर लोक आवाज बंद ठेवून बघतात, खालचं वाचतात. अदाउतोला इंग्रजी येत नाही. पण स्वतःचं नाव वाचायला दुभाष्या कशाला लागतो?

तेवीस जूनला, सणाच्या आदल्या दिवशी दुपारी, मी झुल्मीराच्या मासे तळायच्या हातगाडीपाशी उभी होते.

"आल्या बाईसाहेब फुकटचे मासे खायला!"

"फुकटचे कसे? इंग्लंडात नाव गाजवलंय तुमचं."

"गाजवलंस खरं. चार दिवस झाले, माणसं वळून वळून बघतायत. काय गं लिहिलंस माझ्याबद्दल?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोटारसायकल थांबली. पहिली गोळी तिच्या गळ्यात लागली. ती कढईसकट खाली आली. उकळतं तेल तिच्या छातीवर, उरलेलं माझ्या पायावर. मागं बसलेला उतरला. वाकून, सावकाश, दोन गोळ्या तोंडात घातल्या. "आता बोल इंग्रजीत," म्हणाला. पोरं फटाके उडवत होती, त्यामुळे कुणी मान वळवली नाही. ती किंचाळली नाही. तिच्याकडे त्यासाठी काही शिल्लकच नव्हतं. किंचाळत होते ती मी, आणि विभा, मराठीत.

नेइदी लिंबं आणायला गेली होती, म्हणून वाचली.

चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, "ती ओळ मी पुसून टाकते."

"पुसणार? म्हणजे आई मासे तळता तळता मेली, एवढंच उरणार?"

"अगं, त्या ओळीत तूही आहेस. तू बघितलंस म्हणते ती."

"मग? बघितलंच आहे मी." लुगदी झालेला रुमाल तिनं पुन्हा पिळला. "तेव्हा आम्हाला न विचारता लिहिलंस. आता न विचारता पुसू नकोस."

मी फाइल होती तशी बंद केली.

नऊ तारखेला ती न्यायाधीशांपुढे जबाब देणार आहे. तोवर ती कुठे आहे हे मला ठाऊक नाही, आणि तू विचारू नकोस. तोवर एकही चित्र, एकही ओळ बाहेर जाता कामा नये. जबाब झाला की फाइल पाठवेन, ओळ जशीच्या तशी. तुझ्या प्रेक्षकांना ती वाचू दे. बंदुकांचा गैरसमज राहिला तर राहिला.

तुला दोष देत नाही. तू दाखवलंस, लिहिलं मी, आणि जिनं उच्चारलं तिला विचारलं नाही.

आणखी एक. सबटायटल करणाऱ्याचं नाव घालू नकोस, असं मी नेहमी सांगत आले. तू त्याला विनय समजायचीस. आडोसा होता तो. अदाउतोचं नाव पडद्यावर लिहिणारीचंही नाव पडद्यावर हवं, झुल्मीराच्या नावाखाली. तुला नुसतं 'अरू' लिहायची सवय, म्हणून पूर्ण देते. पत्ता बदललेला नाही.

तुझी,
अरुंधती वासुदेव खांबेटे