दुसरा कप

९ जानेवारी, शुक्रवार

इंदूरला पोचले. अकोल्याहून रात्रभरचा प्रवास झाला, पण उतरल्याबरोबर पोह्यांची वाफ नाकात गेली आणि शीण निम्मा झाला. ठेलेवाल्यानं कुठून आलात विचारलं. अकोला म्हटल्यावर म्हणाला, अम्मा, थोडा उन्हाळा पदराला बांधून आणायचा होता, इकडे यंदा फार गारठा आहे. मी म्हटलं, आमचा उन्हाळा फुकट नाही मिळत.

काम असं आहे. यामिनीताई पुण्याला बँकेत आहेत. त्यांची आई गयाबाई, वय ब्याऐंशी, दिवाळीत पडून खुबा मोडला, तेव्हापासून पलंगावर. त्यांचं खाणंपिणं, अंघोळ, औषधं आता माझ्याकडे. सतरा वर्षं इस्पितळात आया होते, हे मला नवं नाही.

घर लालबागच्या मागच्या अंगाला, तीन खोल्यांचं, बैठं. गयाबाईंचे मालक तात्याराव महूला फौजेत ड्रायव्हर होते, त्यांनी बांधलेलं. खाली कोट्याची फरशी, भिंतींत वरच्या अंगाला सिमेंटच्या जाळ्या, गरम हवा बाहेर जावी म्हणून. हे घर उन्हाळ्याशी भांडायला बांधलंय. थंडीशी त्याची ओळखच नाही.

गयाबाईंनी आधी माझं वजन विचारलं, मग वाचता येतं का ते. म्हटलं, येतं, शाळेत न जाता. इस्पितळातून घरी जाणारे पेशंट मागे पेपर, मासिकं, फाटकी पुस्तकं टाकून जात, त्यांवर शिकले. त्या म्हणाल्या, मग रोज पेपर वाचून दाखवायचा, टीव्हीवरची माणसं फार ओरडतात.

स्वयंपाकघरातल्या फळीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या खाली अश्वजितचा फोटो ठेवला. माझा नवरा. गेल्या मेच्या आदल्या मेमध्ये स्लॅबच्या कामावर ऊन लागून गेला. वीस महिने झाले. सव्वीस वर्षं माझ्या हातानं दोन कप चहा टाकलाय, हाताला अजून बातमी पोचलेली नाही. नैवेद्य वगैरे मी मानत नाही, तोही हसायचा असल्या गोष्टींना. पण दुसरा कप होतोच, मग तो त्याच्यापुढे ठेवते, आणि गार झाला की झाडाला ओतते. इथे अंगणात जास्वंद आहे. गयाबाई म्हणाल्या, चार दिवसांत ते झाड चहा मागायला दारात येईल.

१२ जानेवारी, सोमवार

शेजारचा यशवर्धन शाळेची व्हॅन चालवतो. मला पहिल्याच दिवशी त्यानं मावशीजी करून टाकलं. आज शाळांना सुट्टी दिली म्हणून तो घरी होता. मावठा येणार, गारा पडणार असं सांगतात. मी विचारलं, तयारी काय करायची? म्हणाला, मावशीजी, ये इंदौर है, यहाँ ठंड सिर्फ स्वेटर दिखाने आती है, दो दिन में वापस.

तरी मी कोळसा आणवला. माळ्यावर जुनी शेगडी होती, ती घासली. मग रद्दी आणि कणकेची खळ घेऊन जाळ्या बंद करायला बसले. चिकटवण्याआधी प्रत्येक पान वाचत होते, त्यामुळे संध्याकाळ झाली. गयाबाई पलंगावरून ओरडल्या की रद्दी जाळी बुजवायला ठेवलीय, परीक्षेला नाही. एक जाळी मुद्दाम मोकळी ठेवली, कोळशाचा धूर कोंडायला नको.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. अशी संक्रांत मी पाहिली नाही.

सकाळी आठला अंधारून आलं. आधी वारा, मग गारा, आणि मग गारांच्यात काहीतरी मऊ, पांढरं. यशवर्धन अंगणात हात पसरून उभा होता, भिया बर्फ, भिया बर्फ म्हणत. इथे भाऊला भिया म्हणतात. अर्ध्या तासानं त्याच्या व्हॅनची काच फुटली तेव्हा आत पळाला. लालबागेत मेळ्याचे मांडव होते, त्यातलं एक कापड उडून आमच्या तारेवर अडकलं. वीज गेली. रोज गाणं वाजवत येणारी कचऱ्याची गाडी आली नाही, तेव्हा गयाबाई पहिल्यांदा थट्टा सोडून बोलल्या. म्हणाल्या, ही गाडी चुकली म्हणजे खरंच काहीतरी बिघडलंय.

त्यांना दोन गोधड्या, वर तात्यारावांचा फौजी कोट घातला. पायाशी गरम पाण्याची बाटली. ताप मोजला, सत्त्याण्णव. ठीक. तिळगूळ भरवला. गोड बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, जमेल तेवढं.

थंडीला मी मनातल्या मनात सांगितलं, तू आलीस तशी जाशील, आम्ही इथेच आहोत.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळी चहा टाकला. दुसरा कप फोटोपुढे ठेवला, गयाबाईंना त्यांचा पाजून आले. परत आले तर त्याचा कप रिकामा.

सांडला नव्हता. फळी कोरडी होती. मांजर इथे नाही. गयाबाईंना कूससुद्धा बदलता येत नाही. कप हातात घेतला तर बोटं चिकटली. काठावर बर्फाची बारीक रांगोळी होती, ओठ टेकावेत तेवढ्याच जागेत.

खरं लिहिते. मी घाबरले नाही. मी खाली फरशीवर बसले आणि रडले, आणि मला फार बरं वाटलं. वीस महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझा चहा संपवला होता.

संध्याकाळी पुन्हा एक कप ठेवला. तो मुद्दाम ठेवला. रॉकेलचा दिवा घेऊन दारातच उभी राहिले. कपातली वाफ वर जायची ती आडवी वळली, जणू कुणी ओढून घेतली. पातळी खाली गेली. मग कप रिकामा.

गयाबाईंचं अंग आज गार लागतंय. शहाण्णव. शेगडी पलंगाजवळ घेतली.

१६ जानेवारी, शुक्रवार

पेनातली शाई गोठली. पेन्सिलनं लिहिते आहे.

सकाळचा कप गेला. त्यानंतर लगेच गयाबाईंचं अंग मोजलं. पंचाण्णव. दुपारी एक कप ठेवला, तो गेला. पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव पॉइंट चार. जिनं सतरा वर्षं ताप लिहून ठेवले तिला हा हिशेब समजायला वेळ लागत नाही. मला लागला. मला समजून घ्यायचं नव्हतं.

दुपारनंतर स्वयंपाकघरातून आवाज आला. शीला, थंडी वाजते गं. त्याचाच आवाज. मला शीला म्हणणारा तो एकटाच होता.

उठले. पातेलं ठेवलंही. मग हात थांबला. तो उन्हानं गेला. इस्पितळात त्याच्या कपाळावर मी बर्फ फिरवत होते आणि बर्फाचं पाणी होत होतं. त्याला थंडी कशी वाजेल?

म्हणून परीक्षा घेतली. चहात आलं किसून टाकलं, भरपूर. अश्वजितला आल्याचा वास सहन व्हायचा नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मी आल्याचा चहा दिला, तो त्यानं माझ्या सासूच्या देखत खिडकीतून ओतला होता. सव्वीस वर्षांत एक घोट घेतला नाही.

कप रिकामा झाला. तळाचा आल्याचा चोथासुद्धा चाटून नेला.

तो नाही.

गयाबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, मला वेडी म्हणतील. त्यांनी आधी भरपूर शिव्या दिल्या. मग सांगितलं की तात्याराव दोन वर्षं लडाखला होते. तिथे त्यांच्या तुकडीत नियम होता, गेलेल्या सोबत्याचं ताट मांडायचं नाही. एका पोरानं मांडलं. ताट रिकामं व्हायला लागलं, तसे बरॅकीतले जवान झोपेत गार पडायला लागले. माणूस येत नाही, म्हणाल्या, माणसाच्या नावावर थंडी जेवायला येते.

मग काय केलं, मी विचारलं. म्हणाल्या, ज्यानं मांडलं त्यानंच ते ताट बसून उष्टं करायचं आणि शेवटच्या घासापर्यंत संपवायचं. त्या पोराला तीन दिवस जमलं नाही. मित्राचं ताट आपण कसं खायचं म्हणून रडत बसायचा.

एवढं बोलून त्यांना धाप लागली.

१७ जानेवारी, शनिवार

मला जमलं नाही. सोपी वाट काढली. आज चहाच टाकला नाही.

तासाभरात शेगडी विझली. कोळसे भरलेले, लाल, आणि एकदम काळे. वर पांढरी बुरशी धरली. काडी ओढली, पेटली नाही. डबीतल्या सगळ्या. शेवटची पेटली ती दोन्ही तळव्यांत धरून गॅसपर्यंत नेली. ती ज्योत मी तेव्हापासून विझू दिलेली नाही.

जाळ्यांवरचे पेपर आतून फाटताहेत. आतून.

फोन लागला तेवढ्यात यामिनीताई बोलल्या. त्या गाडीनं निघाल्यात, मानपुरच्या घाटात अडकल्यात. उद्या दुपारपर्यंत आईला सांभाळा म्हणाल्या. अँब्युलन्सवाल्यांनी सांगितलं रस्त्यावर झाड आहे. यशवर्धन कुऱ्हाड घेऊन चारजण जमवून गेलाय. जाताना आपली रजई आमच्या दारात टाकून गेला.

गयाबाई त्र्याण्णव. ओठ निळे. बोलायचं थांबल्या. मी पेपर वाचून दाखवते आहे, भिंतीवरचाच, मागच्या वर्षीचा. ऐकताहेत. चुकलं की पापणी हलवतात.

ते दारात आहे. अश्वजितसारखंच उभं राहतं, एक पाय दुमडून. माझ्याकडे बघत नाही. पलंगाकडे बघतं.

शीला, माझा कप.

देणार नाही, म्हटलं. बाहेर हो.

माझा कप.

१८ जानेवारी, रविवार

उजाडलं. अंधारच आहे.

गयाबाई ब्याण्णव. श्वास आहे. त्यांना कुशीवर वळवून मागे बसले आहे, पाठीला पाठ लावून, वरून दोघींवर रजई. मधे यायचं तर माझ्यावरून ये.

चहा टाकला. दोन कप. आल्याशिवाय. साखर कमी, त्याला आवडायचा तसा.

एक गयाबाईंच्या ओठांना चमच्यानं लावला. दुसरा माझ्यापुढे. त्याचा कप. कान तुटलेला, अकोल्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेला. यातून मी कधी घोट घेतलेला नाही.

ते पलंगाशी आलंय. त्याचा चेहरा आहे. ते रडतंय. पाणी गोठतंय गालावर. म्हणतंय, तूही मला विसरणार का —

विसरत नाही. तू तो नाहीस. त्याला मी स्वतः अंघोळ घातली. त्याचे पाय मी बांधले. तो गेला. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा खोडायला नको. अश्वजित गेला.

डाव्या हातात कप, उजव्यात पेन्सिल.

पहिला घोट. गरम.

गयाबाई हलल्या —

दुसरा. गरम. आवाज मोठा झालाय. आता त्याचा नाही, कुणाचाच नाही. पेपर सगळे सुटले, खोलीभर उडताहेत —

तिसरा. मागे पाठ ऊबदार लागतेय. खरंच. म्हातारी म्हणतेय काहीतरी, शिवीच असेल —

दूर कुऱ्हाडीचा आवाज. यशवर्धनची माणसं —

अर्धा राहिला. उचलत नाही. कप पलीकडून धरलाय कुणीतरी. बोटं दिसताहेत, पांढरी, माझ्या बोटांवर. ओढतंय. काठावर रांगोळी चढतेय. सोड म्हणतंय. मी सोडत ना—