टाकीच तेवढी हाय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. १२ मे २००३

सौ. शांतम्मा विहीणबाई यांस,
कमलम्माचा शरणार्थी नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे. नायगावात उन्हाळा लातूरपेक्षा सोसवतो म्हणतात. मला पटत नाही, पण असेल. हे पत्र वाचून दाखवायला तुमच्या घरात कुणीतरी असेलच. कोण, ते मी विचारत नाही.

सृष्टी दोन दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे माहेरी आली, तिला पंधरवडा झाला. काय सांगितलं तिने तुम्हाला, क्लासला सुट्टी आहे म्हणून? लातुरात, मे महिन्यात, सुट्टी? इथे एकेका खोलीत पोरं कोंबून बारावीची बॅच चालू आहे. तिच्या क्लासचे सर दोनदा येऊन विचारून गेले, गणिताच्या मॅडम कुठे आहेत. मी सांगून टाकलं, आईचा गुडघा दुखतोय. तेव्हा तुमचा गुडघा दुखतोय, एवढं ध्यानात असू द्या.

खरं तर आमच्यात भांडण झालंच नाही. पाण्याचं बोलणं झालं फक्त.

आमच्या अंगणाखालची टाकी तुम्हाला माहीत आहे. लांबी दहा फूट, रुंदी सहा. बांधली तेव्हा आमचे मालक आत उतरले, उभे राहून हात वर केला, तर बोटं नेमकी काठाला टेकली. परसभर खोल, म्हणजे सात फूट. आतूनच ओरडले, "कमल, बारा हजार लिटर बसतंय! आता घागर उचलायची न्हाई." ते गेले, पण त्यांचा आकडा मी देवाच्या नावासारखा जपला.

एरवी नळ यायचा, म्हणून टाकी कधी तळाला गेलीच नाही. यंदा नळ बंद, तेव्हा बोअर रडतखडत चालवून टाकी काठोकाठ भरली. मी, मन्मथ, सृष्टी असे आम्ही तिघं आणि माडीवर राहणाऱ्या क्लासच्या सहा मुली. माझ्या हिशोबाने दहा दिवस निघायला हवे होते. सातव्या दिवशी बादली तळाला खडखडली. पुन्हा भरली, पुन्हा तेच. मी संशयी नाही, विहीणबाई. झाकणाला कुलूप घातलं, त्यावर बाज टाकली आणि दुपारभर बाजेवर पडून राहिले, इतकंच. आधी मुलींच्या ओल्या केसांवर नजर ठेवली. मग आठवलं, सृष्टीला समोरच्या बाळंतिणीच्या घरी एक कळशी देताना पाहिलं होतं. एक दिसली, मग न दिसलेल्या किती?

तिला विचारलं, तर ती बांबू घेऊन आली.

"अत्या, पाच फुटालाच टेकायलाय बघा. दहा गुणिले सहा गुणिले पाच, तीनशे घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर. साडेआठ हजारच होतंय. पाणी कुणी न्हेलं न्हाई, टाकीच तेवढी हाय."

म्हणजे माझा नवरा खोटं बोलला? माझ्या डोक्यात सणकच गेली. समोरच्या ओट्यावर बायका निवडण करत बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाणी कुठं जायलंय मला म्हाईत हाय. नायगावपातूर पाईप टाकलीस काय ग?" ओटा हसला. सृष्टी हसली नाही. आत जाऊन पिशवी भरली. तेव्हापासून मन्मथ बाहेर मेसमध्ये जेवतो. आईशी बोलायला त्याच्याकडे "हं" एवढा एकच शब्द उरलाय.

गेल्या आठवड्यात टाकी पार कोरडी पडली, म्हणून गाळ काढायला रेवणप्पा गवंड्याला उतरवलं. त्याने तळाला पहार मारली. एका कोपऱ्यातला गिलावा उचकटला आणि खाली दगड निघाले. घडीव, काळे, दोन फुटांचा थर. त्यातल्या एकावर कमळ कोरलेलं, एक कोपरा उडालेला.

तो दगड मला ओळखायला वेळ लागला नाही. आमच्या गावच्या घराचा उंबरा. नवी नवरी म्हणून मी त्यावरचंच माप ओलांडलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर सासूबाईंच्या अंगावर आलं. तेव्हा मीच मालकांना बजावलं होतं, त्या घराचा एक खडासुद्धा लातुरात आणायचा नाही. ते म्हणाले, दगड रस्ता बांधणाऱ्या गुत्तेदाराला देऊन टाकले. त्याच हिवाळ्यात मी भावाच्या लग्नाला गेले. परत आले तर म्हणाले, हादऱ्याने टाकीला चीर गेली होती, नवा गिलावा करून घेतला. आणि मी विश्वास ठेवला! दुधात पाणी किती, ते वासावरून सांगणारी मी.

आईवर पडलेले दगड त्यांना टाकवले नाहीत, आणि मला दाखवताही आले नाहीत. इतकी वर्षं आम्ही त्यावरचं पाणी पीत आलो. मी काठावर बसून मोठ्याने रडले. रागही फार आला. मला सांगितलं असतं तर मी काय त्यांना घराबाहेर काढलं असतं?

रेवणप्पा म्हणाला, "समदे काढू का, आक्का? पुन्हा बारा हजार बसतील." मी नको म्हणाले. उंबरा तेवढा वर घेतला.

आता शेवटचं. विहीणबाई, तुम्हाला वाचता येत नाही हे मला लग्नाच्या याद्यांपासून ठाऊक आहे. तुमच्या घरात दुसरं कुणी वाचणारंही नाही. तेव्हा सृष्टी, इथवर वाचलंस, तर पुढचंही आईला नीट ऐकव. टाकी साडेआठ हजारांचीच आहे. चोर कुणीच नव्हतं. गल्लीत बोलले ते गल्लीतच परत घेणार आहे, ओट्यावरच्या बायकांना तसं सांगूनही ठेवलंय. उंबरा आपल्या दाराला बसवलाय. चुना अजून ओला आहे, म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करते, आणि मन्मथलाही त्यावर पाय ठेवू देत नाही.

आणि यापुढची ओळ तू आईला वाचून दाखवणार नाहीस, गिळून टाकशील, हे मला पक्कं माहीत आहे. पहिलं पाऊल तुझंच पडू दे, बाळ, लवकर ये, मला घर खायला उठतंय.

तुझीच,
अत्या